चार मुलं, तीन सोयरिकी आणि तुटलेलं राज्य

भावा, तुझा प्रश्न असा: क्रुसेडर किंग्ज ३ या राजघराणं चालवायच्या संगणक-खेळावर काल्पनिक जगाचा मोड (चाहत्यांनी केलेला बदल) टाकून खेळतोयस. राजाच्या तिन्ही मुली मोठ्या राजघराण्यांत दिल्यास, तरी शेजाऱ्याने चाल केली तेव्हा एकही व्याही धावून आला नाही. वर राजा गेल्यावर चार मुलांत राज्याचे चार तुकडे पडले. मग लग्नं जुळवण्यात वेळ घालवायचा तरी कशाला?

घालवायचा. पण तिन्ही सोयरिकी तू एकच गोष्ट बघून केल्यास, समोरचं घर किती मोठं आहे ती. स्थळ बघण्याआधी या लग्नातून काय हवंय ते ठरव: फौज, दावा (एखाद्या राज्यावर सांगता येणारा हक्क) की रक्त (मुलांत उतरणारे जन्मजात गुण). एका लग्नात तिन्ही क्वचित मिळतात. आणि तिन्ही वेळा होणारं नातवंड कोणत्या घराण्याचं, हे तपासायचं.

आधी फौजेचं बघू, तुझी अडचण तिथेच आहे. या खेळात तह, म्हणजे लढाईत एकमेकांच्या मदतीला जायचा करार, घराण्यांत होत नाही, दोन राज्यकर्त्या माणसांत होतो. त्यासाठी दोन्ही बाजूंनी जवळचं नातं लागतं: स्वतः राजा, त्याची मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण. राजाच्या चुलतभावाला मुलगी दिलीस तर लग्न थाटात होईल, पण तह होणार नाही. लग्नाच्या खिडकीत होकार पाठवण्याआधीच तह होणार की नाही ते लिहिलेलं असतं. फक्त हिरवी खूण बघून बटण दाबलं की ती ओळ वाचायची राहून जाते. होकाराच्या आकड्यावर माउस धर, म्हणजे अधिक-उणे सगळं उलगडतं. त्याचं तुझ्याबद्दलचं मत, दर्जातला फरक, धर्म, तहाची गरज, एकेक ओळ दिसते. आपल्याकडे याद्या करायला बसल्यावर दोन्हीकडची वडीलधारी एकेक कलम वाचून घेतात, तसं हे वाचायचं.

तह झाला तरी व्याही येईलच असं नाही. तो स्वतः दुसऱ्या लढाईत अडकला असेल, कर्जात असेल, फार लांब असेल, किंवा तुझ्या शत्रूशीही त्याचा तह असेल, तर नकार येतो. अंतराचं गणित लोक नेहमी विसरतात. नकाशाच्या दुसऱ्या टोकाच्या सम्राटापेक्षा दोन प्रांत पलीकडचा मध्यम राजा बरा, कारण वेढा उठायच्या आत त्याचीच फौज पोचते. आणखी एक, तुझ्या शत्रूच्या पलीकडे राहणारा व्याही शोध. शत्रूला दोन्ही अंगांनी तोंड द्यावं लागलं की तुझं अर्धं काम झालं.

तह दोन्ही बाजूंनी बांधतो हेही लक्षात असू दे. त्याने बोलावलं आणि तू गेला नाहीस, तर प्रतिष्ठा घटते आणि व्याह्याचं मत बिघडतं. म्हणून सारखा लढाया उकरून काढणारा व्याही महागात पडतो. तीन जावई तिघेही भांडखोर निघाले तर तुझी फौज वर्षभर परमुलखातच.

नातं आहे म्हणून माणूस आपल्याच बाजूने उभा राहील, असं खऱ्या इतिहासातही नव्हतं. सोयराबाई या सेनापती हंबीरराव मोहिते यांच्या बहीण. १६८० मध्ये शिवाजी महाराजांनंतर राजारामांना गादीवर बसवायचा घाट घातला गेला, तेव्हा हंबीरराव भाच्याच्या नव्हे, संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले. खेळातल्या राजांचंही तेच. नात्याने फक्त दार उघडतं. आत येणारा माणूस स्वतःचं मत, स्वभाव आणि स्वतःच्या अडचणी घेऊनच येतो.

लहान मुलांची लग्नं ठरवून ठेवता येतात. सोळा वर्षांच्या आतल्या मुलांचा वाङ्निश्चय होतो आणि तह त्याच दिवशी लागू होतो. म्हणजे पाळण्यातल्या मुलीवर आज फौज मिळू शकते. पण मूल दगावलं की तहही गेला, आणि ठरलेलं लग्न तू मोडलंस तर प्रतिष्ठा जाते. टूर्स अँड टुर्नामेंट्स हा विस्तार घेतला असशील, तर थाटामाटाच्या लग्नाचा शब्द देऊन अवघड होकारही मिळवता येतो. मात्र दिलेला शब्द पाळायचा. खजिन्यात पैसा नसेल तर तो पर्याय निवडू नकोस.

दाव्याचं थोडक्यात सांगतो. दावा पक्का किंवा कच्चा असतो. पक्का दावा असलेल्या माणसाच्या मुलांना कच्चा दावा मिळतो, कच्चा मात्र पुढच्या पिढीला जात नाही. म्हणून सून आणताना तिच्या नावापुढचा दावा कोणत्या प्रकारचा ते उघडून बघ. दुसऱ्यासाठी लढणार असलास तर तो दावेदार तुझ्या घराण्यातला किंवा तुझा मांडलिक हवा, आणि जिंकायचा किताब (मुलखावरचं राजपद किंवा सरदारपद) तुझ्या किताबापेक्षा खालचा हवा. नाहीतर तू रक्त सांडून त्याला राजा करतोस आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतंत्र होतो.

आता नातवाचा प्रश्न. साध्या लग्नात मुलं बापाच्या घराण्याची. खिडकीत मॅट्रिलिनिअल अशी चौकट असते, ती भरली तर मुलं आईच्या घराण्याची, म्हणजे घरजावई. एकुलती मुलगी वारस असेल तर ही चौकट भरल्याशिवाय लग्न लावूच नकोस. नाहीतर तिच्यानंतर गादीवर परक्या घराण्याचा नातू बसतो आणि तुझ्या घराण्याचा वारस उरला नाही की खेळ तिथेच संपतो. घरजावई व्हायला मोठ्या राजाचा थोरला कधी तयार होत नाही. बिनजमिनीचा तिसरा-चौथा मुलगा बघ, तो पटकन हो म्हणतो. आपल्या कोल्हापूरच्या गादीवर मुलीकडचं रक्त परत आलं ते दत्तकाने. शाहू महाराजांच्या कन्या अक्कासाहेब देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांना दिल्या होत्या. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव १९४७ मध्ये दत्तक येऊन शहाजी महाराज म्हणून इथे गादीवर बसले. खेळात दत्तकाच्या भरवशावर राहू नकोस, चौकट वेळेत भर.

राज्याचे चार तुकडे झाले, त्याचं कारण लग्न नव्हतं, वाटणीचा कायदा होता. सुरुवातीला बहुतेक राज्यांत कॉन्फेडरेट पार्टिशन असतं. त्यात मुलांत जमीन वाटली जातेच, वर पुरेसा मुलूख हातात असेल तर धाकट्यांसाठी तुझ्याच तोडीचे नवे किताबही आपोआप तयार होतात. म्हणून तुझे भाऊ मांडलिक न होता स्वतंत्र राजे झाले. यावर उपाय लग्नातही आहे. दोन धडधाकट मुलगे झाल्यावर राजा विधुर झाला, तर पंचेचाळीस ओलांडलेली, कारभारात हुशार बायको कर. त्या वयानंतर या खेळात बाईला मूल होत नाही, पण तिचे गुण दरबाराला मिळतात आणि तिच्या माहेरचा तहही. शिवाय राजा जिवंत असतानाच धाकट्यांना कडेची जमीन देऊन टाक. ती त्यांच्या वाट्यात धरली जाते आणि राजधानीभोवतीचा मुलूख थोरल्याकडे राहतो. दुसरा राजकिताब हौसेने तयार करू नकोस. वाटणीचा कायदा बदलता येईल तेव्हा सगळ्यात आधी तोच बदल.

दोन राण्यांची दोन मुलं म्हणजे काय, हे पन्हाळ्याच्या वाटेवर राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. राजारामांच्या राणी ताराबाईंनी आपल्या मुलाला, शिवाजीला, गादीवर बसवलं. १७१४ मध्ये सवत राजसबाईंनी आपल्या मुलाला, संभाजीला, पुढे केलं आणि ताराबाई मुलासह कैदेत पडल्या. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची हद्द ठरायला १७३१ चा वारणेचा तह व्हावा लागला. खेळात दुसरी राणी आणताना हा विचार करच.

मोडबद्दल एक सूचना. एल्डर किंग्ज २ किंवा रेल्म्स इन एक्झाइलसारख्या मोडमध्ये एल्फ ही काल्पनिक जमात माणसांपेक्षा कितीतरी जास्त जगते. तिकडचा व्याही टिकतो, पण तुझ्याकडचे राजे बदलत राहतात आणि दर बदलाला नातं एक पायरी लांब जातं. अशा घराशी दर पिढीत एक सोयरीक नव्याने करावी लागते.

दुसऱ्या खेळात जाशील तेव्हा हेच नियम धरू नकोस. बॅनरलॉर्डमध्ये लग्नाने राज्या-राज्यांत तह होत नाही, घरात माणूस येतो आणि वारस मिळतो. तिथलं वर्ष ८४ दिवसांचं आणि मूल अठराव्या वर्षी मोठं होतं, म्हणजे १,५१२ दिवस. लग्न उशिरा केलंस तर वारस हाताशी येईपर्यंत मोहीम संपलेली असते. मॅसिव्ह चॅलिसमध्ये तीनशे वर्षांची लढाई आहे आणि गढीवर बसवलेला माणूस पुन्हा मैदानात उतरत नाही. उत्तम गुणांचा माणूस गढीवर बसवायचा की लढवायचा, हा तिथला खरा पेच. मुलं गढीवरच्या माणसाच्या घराण्याची होतात, म्हणून त्याचे जन्मजात गुण आधी तपास.

आता तुझं चालू सेव्ह, म्हणजे जतन केलेला डाव. तू थोरला मुलगा म्हणून खेळतोयस, तिन्ही राजे तुझे मेहुणे आहेत. पण ते तुझ्या तिन्ही भावांचेही मेहुणे आहेत. बापाचे तह गादीसोबत तुला आपोआप मिळाले असं धरू नकोस. आजच विराम दाबून एकेका मेहुण्यावर राइट-क्लिक कर आणि निगोशिएट अलायन्स (तह जुळवायचा पर्याय) दिसतंय का बघ. भावांच्या आधी तू बोललास तर तो मेहुणा तुझा. सगळ्यात जवळच्यापासून सुरुवात कर. मग भावांचे किताब उघड, बापाच्या मुलखावर तुझे दावे असतील. ज्या भावाला एकही मेहुणा मिळाला नाही, त्याच्याकडे आधी वळ. ते चालू असतानाच स्वतःच्या थोरल्याचा वाङ्निश्चय उरकून घे, आणि या वेळी होकाराच्या खिडकीतली तहाची ओळ वाचल्याशिवाय बटण दाबू नकोस.