थंड देशात फ्लॅटमध्ये वर्षभर कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता लावता येतो का?

येतो. मी एडिंबराला अकरा वर्षं लावतेय. तुम्ही डब्लिनला नवीन आलायत, बाल्कनी नाहीये आणि विचारलंय की माती कुठली घेऊ, खत कुठलं घालू. सांगते, पण माती-खतापायी झाडं मरत नाहीत हो. मरतात ती हिवाळ्यात उजेड नसताना रोज पाणी घातल्याने. माझा सात वर्षांचा कढीपत्ता असाच गेला होता म्हणून एवढं छातीठोकपणे सांगतेय.

ग्लासगोच्या एका तमिळ दुकानातून वीतभर रोप आणलेलं. ते वाढत वाढत माझ्या खांद्याला लागलं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दुकानात ताजी पानं येईनात तेव्हा चार घरच्या फोडण्या या एका कुंडीवर झाल्या, मी जिन्यात पिशवी ठेवायचे आणि ज्याची त्याने येऊन घेऊन जायची. मग 2022 च्या नोव्हेंबरात माझे थोरले दीर तीन महिने राहायला आले. माणूस अतिशय प्रेमळ, पण मिरजेला त्यांच्या परसातला कढीपत्ता पहिल्या मजल्यापर्यंत गेलाय, त्यामुळे या विषयात माझं ऐकायचा प्रश्नच नव्हता. रोज आंघोळ झाली की तुळशीला पाणी, आणि उरलेला तांब्या कढीपत्त्याला. मी सांगितलं, भावोजी, बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच घाला. तर म्हणे, झाडाची तहान आम्हाला कळते. वर मी सकाळी सातला कामाला गेले की ग्रो लाइट, म्हणजे झाडासाठी लावलेला दिवा, बंद करायचे, दिव्यावर झाड वाढतं हे पहिल्यांदाच ऐकतोय, उगाच मीटर कशाला पळवायचा म्हणून.

जानेवारीत पानं पिवळी पडायला लागली. पिवळी पडली म्हणजे पाणी कमी पडतंय असं ठरवून एकाचे दोन तांबे झाले. एका रविवारी मी कुंडी हलवायला गेले तर उचलेना. खालच्या बशीत पाणी, आणि वास गटारासारखा. झाड उपटून एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी सरकून हातात आली, आत नुसता दोरा. तिथेच बसून रडले मी.

काळी मुळं सगळी कापली, लहान कुंडी घेतली, कोरडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (पांढरे हलके खडे) अर्धं अर्धं. खोड नखाने खरवडत खाली आले, तर अगदी बुडाशी बोटभर हिरवं दिसलं, तिथपर्यंत छाटलं आणि तीन महिन्यांत मोजून पाच वेळा पाणी घातलं. एप्रिलच्या शेवटी मातीलगत तांबूस फूट आली. आज ते झाड पुन्हा कमरेएवढं आहे. भावोजी अजूनही फोनवर म्हणतात थंडीने गेलं होतं. घरात 19 डिग्री होतं, थंडीने कसं जाईल? त्याच खिडकीतला पानओवा, जो अजिबात थंडी सोसत नाही, तो टवटवीत होता, कारण त्याला तांब्या मिळत नव्हता.

झाड मुळातून ओढलेलं बहुतेक पाणी पानांतून हवेत सोडतं, आणि त्याला उजेड लागतो. आमच्याकडे 21 डिसेंबरला सूर्य उगवतो पावणेनऊला, मावळतो पावणेचारच्या आधी, आणि भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम दहा-अकरा अंश वर असतो, म्हणजे समोरच्या बिल्डिंगमागेच. डब्लिनला थोडं बरं, पण फार फरक नाही. अशा वेळी घातलेलं पाणी कुंडीतच राहतं आणि मुळं गुदमरतात. मिरजेच्या परसातली गोष्ट वेगळी आहे, तिथे डिसेंबरातही लख्ख ऊन असतं आणि जास्तीचं पाणी जमिनीत मुरतं.

म्हणून आधी दिवा घ्या. वीस वॉटचा पांढरा एलईडी, झाडाच्या वर वीतभर, टायमर लावून बारा तास. महिन्याला सव्वासात युनिट होतात, इथल्या दराने साधारण दोन पाउंड. कोथिंबिरीच्या दोन मरतुकड्या जुड्यांचे पैसे. मीटर पळतो म्हणणाऱ्यांना हा हिशेब दाखवा.

कोथिंबिरीला थंडी आवडते, ती इथे आपल्याकडच्यापेक्षा चांगली येते. धणे रगडून दोन फाका करायचे, रात्रभर भिजवायचे आणि थेट मोठ्या कुंडीत पेरायचे, नंतर रोप हलवलं की फुलावर येते. एक कुंडी दोनदा कापून होते, मग संपली, त्यामुळे वर्षभर हवी तर दर तीन आठवड्यांनी नवी कुंडी पेरावीच लागते. जूनमध्ये इथला दिवस सतरा तासांचा होतो, तेव्हा ती लगेच तुऱ्यावर जाते, दिवा बंद करून उत्तरेच्या खिडकीत ठेवा. पुदिन्याची काडी पाण्यात ठेवा, आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं फुटतात. त्याला कुंडी वेगळी द्या, शेजारच्याला जगू देत नाही तो. मेथी तर ट्रेमध्येही येते, पहिल्यांदा तीच लावा म्हणजे धीर येईल.

खत मार्च ते सप्टेंबर, पंधरा दिवसांनी पातळ लिक्विड, कुठलंही. हिवाळ्यात अजिबात नाही. मातीत चिलटं झाली तर वरचा थर वाळू द्या.

हां, हे सगळं घर रात्री पंधरा डिग्रीच्या खाली जात नसेल तर. हीटर बंद करून झोपत असाल तर कढीपत्ता पानं गाळणार, तो मेलाय समजून टाकू नका, नखाने खरवडून बघा. खिडकीखाली रेडिएटर असेल तर कुंडी तिथून हलवा. आणि भारतातून बॅगेत रोप आणू नका, रोपाला रोग-कीड नाही अशा सरकारी सर्टिफिकेटशिवाय आणता येत नाही, एअरपोर्टवर जप्त करतील.

पानं पिवळी पडली तर पाणी घालायच्या आधी कुंडी उचलून बघा. जड लागली तर हात लावू नका, मला इथे फोटो टाका, मी बघून सांगते.