समुद्रात डायव्हिंग केलेल्याला लेक टाहोसारख्या थंड डोंगरी तळ्यात काय वेगळं लागेल?

तुम्ही लिहिलंय की ओपन वॉटर सर्टिफिकेट (डायव्हिंगचा पहिला परवाना) आहे, आजवरच्या डाइव्ह तारकर्ली आणि कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला झाल्या, आता मुलीकडे कॅलिफोर्नियाला येताय, तर टाहोत उतरावं का आणि थंडी सोसेल का. उतरा, जरूर उतरा. मी सॅक्रामेंटोत राहतो, कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरचं टाहो म्हणजे आमच्यासाठी घरचंच तळं. थंडीची काळजी सगळेच करतात आणि म्हणून तयारीही करून येतात. मला काळजी वाटते ती उंचीची, कारण ती पाण्यात उतरल्यावर कुठेच जाणवत नाही.

टाहोचं पाणी समुद्रसपाटीपासून 1,897 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही अडीचशे मीटर वर. तिथे हवेचा दाब किनाऱ्यावरच्या साधारण 80 टक्केच. आता हिशेब बघा. दाबाखाली श्वासातून शरीरात विरघळलेला नायट्रोजन वर येताना बुडबुडे होऊन त्रास देणार की नाही, हे बरंचसं खालचा दाब आणि वरचा दाब यांच्या प्रमाणावर ठरतं. समुद्रकिनाऱ्यावरचा हवेचा दाब 1 धरा. तारकर्लीत 18 मीटरवर दाब 2.8, वर आल्यावर 1. टाहोत 18 मीटरवर साधारण 2.55, पण वर आल्यावर फक्त 0.8, म्हणजे प्रमाण 3.2 च्या आसपास गेलं. शरीराच्या लेखी ही डाइव्ह समुद्रातल्या 22 मीटरची झाली. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात 18 मीटरला जास्तीत जास्त 56 मिनिटं मिळतात, 22 मीटरला 37. खोलीचा आकडा तोच आणि एकोणीस मिनिटं गायब!

बहुतेक डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र) उंची आपोआप ओळखतात, काहींना ती हाताने सांगावी लागते. भाड्याचा घेतलात तर दुकानातच विचारून घ्या. शक्यतो आदल्या दिवशी वर येऊन मुक्काम करा. सॅक्रामेंटो जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे तिथून गाडीने थेट वर आलात की पाण्यात उतरायच्या आधीच शरीरात जादा नायट्रोजन असतो. कोर्समध्ये सहा तास थांबायला शिकवतात ते यासाठीच. परतीचंही असंच. हायवे 50 ने जा किंवा आय-80 ने, सॅक्रामेंटोकडे जाताना रस्ता आधी चढतो: एको समिट 2,250 मीटरवर, डॉनर समिटही 2,200 च्या वर. डाइव्ह संपवून सामान डिकीत टाकलं आणि निघालो, असं करू नका. दुपारभर काठावर लोळा, जेवा, मग निघा. (नेवाडातल्या रिनो शहराकडे मात्र ट्रकी नदीच्या कडेने उतरतच जाता येतं.)

आता थंडी. उन्हाळ्यात वरचं पाणी 18-20 अंशांपर्यंत तापतं. त्या भरवशावर पातळ सूट घालून गेलेला माणूस थर्मोक्लाइनपाशी, म्हणजे गरम आणि गार पाण्याच्या सीमेवर, भानावर येतो. तिथे काही हातांच्या अंतरात तापमान धाडकन खाली येतं. तळाशी तर बारा महिने चार-पाच अंशच. तळं इतकं खोल आहे, 501 मीटर, की हिवाळ्यातही ते पूर्ण गोठत नाही. उन्हाळ्यात 7 मिलिमीटरचा वेटसूट, हूड आणि हातमोजे यांवर भागतं, पण परवडत असेल तर ड्रायसूटच, म्हणजे आत पाणी न शिरणारा सूट, घ्या. मात्र तो आधी स्विमिंग पूलमध्ये शिकून घ्या. सूटमधली हवा पायाकडे सरकून माणूस उलटा होतो, ही गोष्ट पहिल्यांदा टाहोत कळायला नको.

रेग्युलेटर (ज्यातून सिलिंडरची हवा श्वासात घेतो तो) थंड पाण्यासाठीचा, सीलबंद फर्स्ट स्टेजचाच, म्हणजे सिलिंडरला जोडायचा भाग बंदिस्त असलेलाच मागा. सिलिंडरमधली दाबाखालची हवा बाहेर पडताना प्रसरण पावते आणि आणखी गार होते. पाणी दहा अंशांखाली असेल तर फर्स्ट स्टेजमध्ये बर्फ धरून व्हॉल्व्ह उघडाच राहू शकतो, आणि मग हवा भसाभसा वाहून जाते. म्हणून काठावर रेग्युलेटर तोंडात धरून उगाच श्वास घेत उभे राहू नका आणि बीसीडीत, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटात, हवा थोडी थोडी भरा. गोड्या पाण्यात खाली जाण्यासाठी बांधायचं शिसंही कमी लागतं. माणूस आणि सामान मिळून शंभर किलो धरलं तर समुद्रापेक्षा साधारण अडीच किलो कमी. ड्रायसूटला पुन्हा वाढवावं लागतं, तेव्हा उतरण्यापूर्वी काठाशीच तपासून घ्या.

एवढं सगळं करून दिसतं काय? खरं सांगायचं तर मासे फारसे नाहीत. नेत्राणीसारखी रंगीत वर्दळ डोक्यात घेऊन आलात तर हिरमोड होईल. टाहोचं पाणी नितळ आहे ते त्यात जीवांना खायला फार नाही म्हणूनच. भोवती ग्रॅनाइटचे डोंगर, तळ्याच्या मानाने पाणलोट क्षेत्र लहान, आणि पावसा-बर्फाचा मोठा वाटा थेट तळ्यातच पडतो, त्यामुळे माती आणि पोषणद्रव्यं कमी येतात. डेव्हिस विद्यापीठाचे लोक 1968 पासून पांढरी तबकडी सोडून ती किती खोलवर दिसते ते मोजताहेत. तेव्हा ती सरासरी 31 मीटरपर्यंत दिसायची, अलीकडे वीसच्या आसपास. आपल्यासारख्या मालवणच्या पाण्यात बडीचे (जोडीदार डायव्हरचे) फिन्स शोधणाऱ्यांना वीस मीटरसुद्धा डोळे फिरवणारं आहे. आणि इथेच जपायचं. गढूळ पाण्यात माणूस आपोआप बिचकतो. इथे पंचवीस मीटरखालचा दगड स्वच्छ दिसतो, जवळच वाटतो, आणि तुम्ही त्याच्याकडे निघता. रुबिकॉन पॉइंटला तर कडा सरळ खाली अंधारात जातो. तिथे डोळ्यांवर नाही, मनगटावरच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा, आणि पहिल्या दिवशी तिथे जायचंच नाही.

तळाच्या गार पाण्यात न कुजता राहिलेल्या प्रेतांच्या गोष्टीही ऐकाल. प्रसिद्ध फ्रेंच समुद्र-संशोधक ज्याक कुस्तो इथे खाली उतरला आणि जे पाहिलं ते जगाला सांगवणार नाही म्हणाला, वगैरे. कुस्तो इथे उतरल्याची काही नोंद नाही. 'टाहो' नावाची आगबोट मात्र खरोखर खाली आहे. 1896 ची बोट, 1940 मध्ये मालकांनी स्वतःच बुडवलेली. पण ती शंभर मीटरपेक्षाही खोल आहे, तुमच्या-माझ्या कामाची नाही.

पहिली डाइव्ह सँड हार्बरला करा, नेवाडाच्या बाजूला. तिथल्या डायव्हर्स कोव्हमधून चालत पाण्यात शिरता येतं, आणि उथळ पाण्यातच मोठमोठे ग्रॅनाइटचे धोंडे आहेत. त्यांच्यावर हलणारं ऊन आणि कपारीतले क्रेफिश (गोड्या पाण्यातले शेवंडासारखे जीव) बघण्यात वेळ कुठे जातो कळत नाही. दुसऱ्या दिवशी एमराल्ड बे. 2018 मध्ये तिथे पाण्याखालची वारसा-वाट सुरू झाली. जुन्या रिसॉर्टच्या काळातल्या होड्या आणि बार्जेस पडल्या जागी ठेवल्यात, शेजारी पाण्याखालीच माहितीचे फलक. हात कशालाही लावायचा नाही.

फक्त एमराल्ड बेला बोटीने जा. गाडी लागते वर रस्त्याला, तिथून किनाऱ्यापर्यंत दीड-एक किलोमीटरची उतरण. जाताना सिलिंडर घेऊन उतराल हो, पण डाइव्ह झाल्यावर तोच चढ, तेच ओझं आणि विरळ हवा. डाइव्हनंतर दमछाक करायची नसते, हे तुम्हाला कोर्समध्ये सांगितलंच असेल.