वाचक विचारतात : एकच सिम्फनी, शेकडो रेकॉर्डिंग

प्रश्न : कोल्हापूरच्या देवल क्लबच्या मैफलींवर कान तयार झालेला आहे. बीथोव्हनची पाचवी सिम्फनी (वाद्यवृंदासाठीची चार भागांची रचना) ऐकावी म्हटलं, तर ॲपवर तिची शेकडो रेकॉर्डिंग निघाली. सगळ्यांच्या पुढ्यात तेच नोटेशन असताना फरक तो काय पडणार? आणि सुरुवात कुठून करावी?
– मंगळवार पेठ

उत्तर : सुरुवात संचालक कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंद यांच्या १९७४च्या रेकॉर्डिंगपासून करा. पहिला भाग सव्वासात मिनिटांच्या आसपास संपतो आणि लय कुठेही सैल पडत नाही.

फरकाचं विचाराल, तर तो पहिल्या आठ स्वरांतच सापडतो. षड्ज मूळ स्वरावर धरला, तर सुरुवात 'प प प ग' अशी आहे, गंधार कोमल. पाठोपाठ 'म म म रे'. दोन्ही वेळा शेवटच्या स्वरावर थांबण्याची खूण आहे, पण किती थांबायचं ते लिहिलेलं नाही. दुसरा ठेहराव बीथोव्हननं एक माप (तालाचा एक ठरावीक खंड) लांब लिहिला आहे, तो खरोखर लांब लागतो का, हे कान देऊन ऐका. क्लायबर थांबतो न थांबतो तोच पुढे झेपावतो. ओटो क्लेम्परर (फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा) जड पावलांनी चालतो, पण त्याच्याकडे लाकडी फुंकवाद्यं इतकी स्पष्ट ऐकू येतात की संथपणा सोसावा. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर पाचवीचा पहिला भाग क्लेम्पररचाच आहे. त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. म्हणजे केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेब यांची तालीम आणि क्लेम्पररची पाचवी एकाच प्रवासाला निघाली आहेत!

तिसरं रेकॉर्डिंग संचालक फुर्टव्हेंगलर आणि बर्लिन फिलहार्मोनिक यांचं, मे १९४७मधलं, थेट मैफलीतलं. हा गृहस्थ लय ओढतो, सोडतो, पुन्हा ओढतो. ख्यालाच्या श्रोत्याला तो लवकर जवळचा वाटेल. पण पहिला तो ऐकू नका, नाहीतर क्लायबर कोरडा वाटायला लागेल.

तिन्हींत एक जागा ताडून बघाच : तिसऱ्या भागातून चौथ्यात जाण्याची. तंतुवाद्यं मंद स्वर धरून बसतात, खाली टिंपनीचे (मोठ्या नगाऱ्यांचे) ठोके अगदी हळू पडत राहतात, मग व्हायोलिन वर चढू लागतात आणि एकदम 'सा ग प' उसळतं. आता गंधार शुद्ध! तीन भाग गप्प बसलेले ट्रॉम्बोन, पिकोलो आणि काँट्राबसून ही फुंकवाद्यं इथेच पहिल्यांदा वाजतात. दोन भागांमध्ये खंड नाही, पण ॲपचं सेटिंग चुकलं तर नेमकी इथेच क्षणभर शांतता येते. सेटिंगमध्ये 'गॅपलेस' चालू ठेवा, 'क्रॉसफेड' आणि 'शफल' बंद. शोधताना 'बीथोव्हन सिम्फनी ५, ओपस ६७' यापुढे संचालकाचं नाव आणि साल घाला. नुसतं 'बीथोव्हन फाइव्ह' टाकलं तर सुटा पहिला भाग हाती लागतो.

प्रश्न : व्हर्डीचा 'रेक्विएम' (मृतांसाठीची प्रार्थना, गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठी) लावला. सुरुवात ऐकूच येईना म्हणून आवाज वाढवला, आणि थोड्या वेळानं शेजारच्यांनी दार वाजवलं. स्पीकर बिघडलाय का?
– राजारामपुरी

उत्तर : स्पीकर ठीक आहे. या रचनेत गायकवृंद कुजबुजल्यासारखा सुरू होतो आणि आठ-नऊ मिनिटांनी 'डिएस इरे' (कोपाचा दिवस) हा भाग कोसळतो. पूर्ण गायकवृंद, पूर्ण वाद्यमेळ आणि मोठ्या ढोलाचे सुटे दणके. आवाज सुरुवातीवर जुळवलात की फसलात. आधी 'डिएस इरे'चं एक मिनिट लावा, ते घराला सोसेल इतका आवाज ठेवा, मग पहिल्यापासून सुरू करा. पंखा बंद करा. रात्रीची वेळ असेल तर हेडफोन बरा.

हातातला छोटा ब्लूटूथ स्पीकर मात्र या कामाचा नाही. त्यातून खर्जातले पुरुष आवाज आणि ढोल निम्मे गायब होतात आणि उरलेले वरचे आवाज कर्कश होतात. ॲपमधलं आवाज समान करणारं सेटिंगही बंद ठेवा.

संचालक जूलिनीचं १९६३-६४चं रेकॉर्डिंग (गायक श्वार्झकोफ, लुडविग, गेडा, ग्याउरोव्ह) या रचनेसाठी आजही पुढे ठेवावं असं आहे. त्यात सर्वांत मोठ्या जागी आवाज जरा फाटतो. तो दोष मूळ ध्वनिमुद्रणातला आहे, तुमच्या तारा तपासत बसू नका.

प्रश्न : घरातल्या जुन्या एलपींवर पांढरे ठिपके आलेत. शिवाय प्रत्येक बाजूचा शेवट खरखरतो. काही ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्याही आहेत. काय करावं?
– शाहूपुरी

उत्तर : ठिपके म्हणजे बुरशी, आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदी पिशवीत ती हमखास धरते. तोंडाला रुमाल बांधून गॅलरीत मऊ ब्रशनं ती झाडा. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका, मायक्रोफायबरचं फडकं भिजवून खाचांच्या दिशेनं गोल पुसा. आडवं घासू नका. मधलं लेबल कोरडं ठेवा. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा पुसा, नाहीतर साबणाचा थर सुईला चिकटतो. नळाचं पाणी नको, क्षार खाचेत बसतात. उभ्या करून वाळवा आणि जुनी कागदी पिशवी फेकून द्या, बुरशी तिच्यातच असते.

हट्टी डागाला एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग पाणी चालतं, पण फक्त विनाइलला, म्हणजे एलपींना. ७८च्या तबकड्या लाखेच्या, अल्कोहोलनं लाख विरघळते. त्यांना सुईही वेगळी लागते. एलपीची बारीक सुई त्यांच्या रुंद खाचेच्या तळाशी घसटत जाते आणि खरखर वाढवते.

बाजूच्या शेवटी आवाज बिघडतो त्याला साधी भूमिती कारण आहे. तबकडी एकाच गतीनं फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच जागेत सारा ध्वनी दाटीनं कोरलेला. त्यात सिम्फनीचा सर्वांत मोठा आवाज बहुधा शेवटीच! सुई झिजलेली असेल तर इथेच पहिल्यांदा कळतं. आधी सुई बदला, दाब कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) माहितीपत्रकाप्रमाणे ठेवा (बहुतेकांना दीड ते दोन ग्रॅम). उडी मारते म्हणून हेडवर नाणं ठेवायची जुनी युक्ती आहे, ती करू नका. नाण्याचं वजनच तीन-चार ग्रॅम भरतं, खाच कायमची खरवडली जाते.

प्रश्न : फुर्टव्हेंगलरनं जर्मनीतल्या बायरॉइट महोत्सवात सादर केलेली बीथोव्हनची नववी सिम्फनी, २९ जुलै १९५१. याच तारखेचे दोन वेगळे अल्बम दिसतात. कोणता घ्यावा?
– रंकाळा परिसर

उत्तर : एक ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा (आता वॉर्नरच्या नावानं मिळतो), दुसरा बव्हेरियन रेडिओच्या टेपवरून ऑर्फिओ या कंपनीनं काढलेला. दोन्हींतलं वादन जागोजागी वेगळं आहे आणि खरी मैफल कोणती, यावर जाणकारांत बराच काळ वाद होता. दोन्ही मोनो, म्हणजे स्टीरिओ नाहीत. पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं ईएमआयचा घ्यावा. शेवटच्या काही सेकंदांत संचालक इतका सुसाट सुटतो की वाद्यवृंदाची दमछाक स्पष्ट ऐकू येते.