पेनने शेडिंग करताना चित्र काळं गिचमिड होतं, काय करू?

भाऊ, पेन्सिलसारखं दाबून पेनात टोन, म्हणजे गडद-फिकटपणा, येत नाही, शाई एकच काळी, राखाडी दिसतो तो रेषांमधल्या कागदाच्या पांढऱ्यामुळे. म्हणून गडद पाहिजे तर रेषा जवळजवळ घ्या नाहीतर वरून दुसरा थर द्या, त्यालाच क्रॉस हॅचिंग म्हणतात. पहिला थर वाळू द्यायचा मग दुसरा थोडा तिरपा, ३०-४५ अंशात, सरळ ९० मध्ये मारला की जाळीच दिसते, मला तरी ते आवडत नाही.

गोल वस्तूला रेषा आकाराबरोबर वळवा. दीक्षाभूमीचा घुमट काढून बघा, सरळ रेषांनी तो सपाट होते, वळणाऱ्या रेषांनी लगेच फुगतो, आणि उजेडाकडच्या बाजूला पेन लावायचाच नाही, कोरा कागद हाच तुमचा पांढरा रंग. आपल्या नागपूरच्या झिरो माइलच्या दगडी खांबाला मात्र ठिपके मस्त, म्हणजे स्टिपलिंग, सावलीत दाट आणि उजेडाकडे विरळ, पण वेळ खूप खाते आणि घाईत ठिपक्यांना शेपट्या फुटतात.

पेन ०.१ आणि ०.५ मिमी टोकाचे दोन पुरे, महागडा सेट घेऊ नका. वरून वॉटरकलर मारणार असाल तर वॉटरप्रूफ शाईच पाहिजे. आणि मे महिन्यात आपल्याकडे हाताला घाम येतेच, तर हाताखाली एक कोरा कागद ठेवा. आधी सहा चौकोन आखून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत टोन भरा, गिचमिड कुठल्या थराला सुरू होते ते तिथंच कळते.