हवामानाच्या बैठकीत मोठे देश अडतात कुठं?

प्रश्न: नमस्कार. आम्ही चिकोडी तालुक्यातले ऊसवाले. २०१९ च्या पुरात दूधगंगेचं पाणी उसात शिरलं, शेंडे बुडाले, ऊस आतनं कुजला. टीव्हीवर दरवर्षी हवामानाची जागतिक बैठक दाखवतात, पण हे मोठे देश अडतात कशावर? आणि त्या नुकसानीच्या फंडातलं आम्हाला काय मिळेल काय?

उत्तर: भाऊ, अडतात ते पैशावर, आणि हिशोब कधीपासनं धरायचा यावर. अमेरिका म्हणते आज सगळ्यात जास्त धूर चीन सोडतो, आणि ते खरंय, जगातला जवळपास ३० टक्के कार्बन चीनचा, पण आजवरची सगळी बेरीज मांडली की पहिला नंबर अमेरिकेचाच येतो आणि त्या बेरजेचा विषय निघाला की ती अंग काढून घेते. धूर कमी करायच्या १९९७ च्या क्योटो कराराला अमेरिकेनं मंजुरी दिलीच नाही, त्यानंतरच्या पॅरिस करारातनं २०२० ला बाहेर, २०२१ ला आत, २०२५ ला ट्रम्पनी परत बाहेर पडायची सही केली.

चीन सोलर पॅनल जगात सगळ्यात जास्त बनवतो, कोळसाही सगळ्यात जास्त जाळतो, आणि हवामानाच्या १९९२ च्या मूळ करारात पैसे देणाऱ्या देशांच्या यादीत त्याचं नाव नाही, म्हणून खिशात हात घालायची सक्ती नाही. युरोप स्वतःची कपात करतोय हे मानायला पाहिजे, पण २०२६ पासनं बाहेरनं येणाऱ्या पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंटवर कार्बनचा कर बसवलाय, तिकडं माल पाठवणाऱ्या बेळगावच्या कारखानदारांनी आपला माल त्या यादीत येतो का ते आत्ताच बघून ठेवावं.

आपली, म्हणजे भारताची, बाजू मला पटते. आपल्याकडं माणशी वर्षाला २ टनाच्या आसपास कार्बन, अमेरिकेत १४ च्या आसपास, मग दोघांना एकच माप कसं लावायचं? २०२४ ला अझरबैजानातल्या बाकू शहरात झालेल्या हवामानाच्या बैठकीत गरीब देशांनी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागितले, ठरले वर्षाला ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत, आणि ठराव मंजूर म्हणून हातोडा पडल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैनांनी तिथंच भर सभेत हे आम्हाला मान्य नाही म्हणून सांगितलं. बरं केलं.

आता फंडाचं. हवामान बदलानं गरीब देशांचं जे नुकसान होतं त्यासाठीचा हा फंड. २०२२ ला इजिप्तमध्ये तो ठरला, २०२३ ला दुबईत सुरू झाला, तेव्हा सगळ्यांनी मिळून कबूल केले ७० कोटी डॉलरच्या आसपास, त्यात अमेरिकेचे फक्त १.७५ कोटी. हा पैसा देशांच्या योजनांना जातो, शेतकऱ्याच्या खात्यावर येत नाही. त्यामुळं उसाच्या नुकसानीची भरपाई सरकारकडनंच मागायची, पाणी ओसरलं की लगेच फोटो काढून तालुका ऑफिसात अर्ज द्या, सर्वे झाल्याशिवाय रान नांगरू नका.