द्यायचं तर दे, सही करू नको

प्रिय बाळा,
प्रभूत सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर तू विचारलंस तेव्हा मी धड बोललो नाही, सगळी मंडळी तिथंच उभी होती आणि ज्याच्यासाठी तू जामीन राहायला निघालायस तोही चार पावलांवर होता. म्हणून आता लिहितोय. प्रार्थना कर, देवावर भरवसा ठेव हे सांगायला माझी गरज नाही, ते तुझ्या आईनं तुला केव्हाच शिकवलंय. मला एकच सांगायचंय आणि ते मी या पत्रात परत परत सांगणार आहे, कंटाळलास तरी. द्यायचं तर दे, सही करू नको.

तू म्हणालास काका, विश्वासातला भाऊ आहे, टेम्पोसाठी चार लाख पाहिजेत, पतसंस्था दोन पगारदार जामीनदार मागतेय, नाही म्हटलं तर प्रीती कुठं राहिली. वर आपल्या एका वडीलजनांनी तुला शास्त्रातले दाखलेही दिलेत. यहूदा धाकट्या भावासाठी, बन्यामीनासाठी जामीन झाला, प्रेषित पौलानं फिलेमोनाला लिहिलं की तुझा दास अनेसिम याचं काही देणं असेल तर माझ्या हिशेबी मांड, आणि इब्री लोकांस पत्रात तर खुद्द प्रभूला कराराचा जामीन म्हटलंय. बरोबर आहे, तिन्ही आहेत. पण पुढचं पण वाच ना! उत्पत्तीचा 44 वा अध्याय काढ, मिसरच्या अधिकाऱ्याचा चांदीचा प्याला बन्यामीनाच्या गोणीत सापडला तेव्हा यहूदा पुढं झाला आणि म्हणाला याच्याऐवजी मला गुलाम करून ठेवा. पौल लिहितो, मी स्वतःच्या हातानं लिहितोय, मी फेडीन. आणि प्रभूनं क्रूसावर काय भरलं ते मी तुला सांगायला नको. तिघांनीही आधीच धरलं होतं की भरायचं आपल्यालाच आहे. तू तसं धरलंयस का? नाही धरलंयस. तू धरलंयस की हप्ते तो भरणार आणि तुझी नुसती सही. नुसती सही असं काही नसतं रे.

कायदा बघ. करार कायदा 1872 चा आहे, त्याचं कलम 128 सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. म्हणजे आधी त्याच्याकडनं वसूल करा, नाही झालं तर माझ्याकडं या, असं तुला म्हणता येत नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला काढते, आणि त्यावर कर्जदाराबरोबर जामीनदाराचंही नाव लागतं. टेम्पो तर कुठंही नेऊन लावता येतो, तुझा पगार मात्र दर महिन्याला एकाच ऑफिसात होतो, मग आधी कुणाकडं येतील? त्यासाठीच तर त्यांना पगारदार माणूस पाहिजे असतो, पगार कपातीचं हमीपत्र त्याच गठ्ठ्यात असतं, तू वाचलंयस का ते? शिवाय ते कर्ज तुझ्या सिबिलवर दिसणार, त्यानं हप्ते थकवले की स्कोर तुझाही पडणार, आणि तुम्ही दोघं कुपवाडला फ्लॅट बघताय. नंतर नाव काढून घेईन म्हणालास, ते पण डोक्यातनं काढ. दुसरा जामीनदार आणून दिल्याशिवाय संस्था सहसा सोडत नाही, आणि आज तुझ्याशिवाय त्याला कुणी मिळत नाही तर उद्या कोण मिळणार?

माझे वडील मिरजेत मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मंडळीतल्याच एका माणसासाठी त्यांनी सही केली. तो माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहितोय, कारण लोकांना वाटतं की बुडवणारा लबाडच असतो. त्याचा धंदा बसला, तो मुंबईला गेला आणि लाजेनं परत आलाच नाही. वडिलांचा पगार कापून यायला लागला. थोरल्या बहिणीचं नर्सिंगला नाव घालायचं होतं ते राहिलं ते राहिलंच. आई कधी एक शब्द बोलली नाही, पण सही केली त्या दिवशी तिला विचारलं नव्हतं हे तिनं शेवटपर्यंत मनात ठेवलं, मला माहितेय. वडील म्हणायचे मी प्रीतीनं केलं. प्रीतीनं केलं हो, पण किंमत भरली माझ्या बहिणीनं, तिला कुणी विचारलं होतं?

नीतिसूत्रांचा 6 वा अध्याय तू लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलायस, पण मुंगीच्या ओळीपासनं. त्याच्या आधीच्या ओळी बघ. शेजाऱ्याला जामीन झाला असशील तर डोळ्याला डोळा लागू देऊ नको, शिकाऱ्याच्या हातनं हरिणी सुटते तसा सूट. आणि 22 व्या अध्यायात तर सरळच लिहिलंय, फेडायला नसलं तर अंगाखालचं अंथरूण काढून नेतील. हे शास्त्र नाही का? मग मंडळीत फक्त प्रीतीचेच दाखले का देतात?

माझ्या मेव्हण्याला मी नाही म्हणालो होतो. सांगलीत दुकान टाकायचं होतं त्याला. सहीला नाही म्हणालो आणि हातात होते तेवढे पैसे पाकिटात घालून दिले, परत नको म्हणून सांगितलं. त्यानं पाकीट परत पाठवलं आणि बोलणं टाकलं. कोविडात गेला तो, मातीलाही नीट जाता आलं नाही. बायकोनं मला कधी दोष दिला नाही पण नाताळात तिचा भाऊ नाही हे तिच्या तोंडावर दिसतं, आणि मला लागतं ते, खूप लागतं. लोक मला कंजूष म्हणाले, अजून म्हणत असतील. मंडळीला द्यायचा माझा दशांश, कमाईचा दहावा हिस्सा, कधी चुकलेला नाही, माझ्या दारातनं कोण रिकाम्या हातानं गेलं ते दाखवा म्हणावं. तो आज परत आला आणि परत मागितलं तर मी परत पाकीट देईन आणि परत सहीला नाहीच म्हणेन. माझ्या पोरांचं शिक्षण झालं ना? झालं. मग?

आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांचं उदाहरण पण देतात लोक, 1917 साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यात देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला म्हणून. पण अरे, त्यांनी आपल्या हातात होतं ते सोडलं, आणि त्याची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सोसली ती डोळ्यांदेखत. तू तर सूनबाईला अजून सांगितलेलंच नाहीस! यावरच मला सगळ्यात जास्त राग आलाय. टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही म्हणे. जी गोष्ट तिच्यापासनं लपवावी लागते ती तू प्रभूसमोर कशी मांडणार? 1 तीमथ्य 5:8 वाच, घरच्यांची तरतूद करत नाही त्यानं विश्वास नाकारला असं लिहिलंय, एवढा कडक शब्द पौल उगीच वापरत नाही.

तर आता असं कर. आज रात्री जेवण झाल्यावर तिला सगळं सांग, फॉर्मसकट. मग दोघं मिळून ठरवा की परत आले नाहीत तरी चालेल असे किती देता येतील, दहा हजार, वीस हजार, काय जमेल ते. तेवढे दे आणि विसर, वहीत मांडू पण नको. द्यायचं तर दे. त्याला नवीनच टेम्पो कशाला पाहिजे, जुना थ्री-व्हीलर घेऊन सुरुवात करता येते, मार्केट यार्डात हळद वाहणारे माझ्या ओळखीचे आहेत, मी बोलतो त्यांच्याशी. आणि पतसंस्थेत फॉर्म आधीच दिला असशील तर उद्या सकाळी उघडल्या उघडल्या जा, कर्ज वाटप व्हायच्या आत मागे घे, लेखी दे आणि पोच घे.

त्याच्या घरी सांगायला जायचं जड वाटत असेल तर मला फोन कर, मी येतो बरोबर. पाकिटात माझेही थोडे घाल, फक्त माझं नाव सांगू नको.

तुझा काका