एकच औषध, बुरशीवरही आणि काळा आजारावरही

गंभीर बुरशीजन्य आजारांविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत ॲम्फोटेरिसिन-बी या एकाच इंजेक्शनची विचारणा असल्याने या वेळी त्याच्याशी संबंधित प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे. सायनसमध्ये म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) झाल्याने शस्त्रक्रिया झाली आणि ॲम्फोटेरिसिन सुरू केले. इंजेक्शन चालू असताना त्यांना हुडहुडी भरून ताप येतो आणि चार दिवसांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) 1.1 वरून 1.9 वर गेले आहे. हे औषध थांबवण्याची विनंती करावी का? (वाचक, नागपूर)

उत्तर : आपल्याला वाटणारी काळजी रास्त आहे, मात्र ताप आणि क्रिएटिनिन या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. हुडहुडी आणि ताप हा या औषधाचा फार जुना, ओळखीचा त्रास असून औषध सावकाश सोडल्याने आणि आधी पॅरासिटामॉलसारखे औषध दिल्याने तो बराच आटोक्यात राहतो. मूत्रपिंडाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. हे औषध मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि तेथील नलिकांनाही इजा करते, त्यामुळे क्रिएटिनिन वाढते आणि लघवीवाटे पोटॅशियम व मॅग्नेशियम निघून जाते. पोटॅशियम फार घसरले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून रक्ताच्या वारंवार तपासण्या केल्या जातात. त्यांना कृपया अनावश्यक खर्च समजू नये.

यावर डॉक्टरांच्या हाती बरेच उपाय असतात. झेपत असेल तर औषधाआधी सलाईन देऊन शरीरातील पाण्याची पातळी राखणे, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके किंवा ॲमिकासिनसारखी मूत्रपिंडावर भार टाकणारी प्रतिजैविके शक्य तेथे टाळणे, आणि साधे ॲम्फोटेरिसिन चालू असल्यास त्याऐवजी लिपोसोमल प्रकार (सूक्ष्म स्निग्ध कणांत भरलेले तेच औषध) वापरणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. आपण ‘थांबवा’ म्हणण्याऐवजी ‘सध्या कोणता प्रकार चालू आहे आणि बदलता येईल का’ असे विचारावे. म्युकरची बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरून त्या बंद पाडते आणि डोळ्याकडे व मेंदूकडे सरकते, त्यामुळे उपचारातील खंड महागात पडू शकतो. पुढे प्रकृती स्थिरावल्यावर पोसाकोनॅझोल किंवा इसावुकोनॅझोल या गोळ्यांवर आणता येते. फ्लुकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल मात्र म्युकरवर चालत नाहीत. 2021 मध्ये महाराष्ट्राने करोनानंतरच्या म्युकरची जी लाट पाहिली, तिच्यात अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड या दोहोंचा मोठा वाटा होता; तेव्हा वडिलांची साखर ताब्यात ठेवणे हासुद्धा याच उपचाराचा भाग आहे.

प्रश्न : आम्ही सध्या पाटण्यात राहतो. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंच्या मुलाला काळा आजार (परजीवीमुळे होणारा ‘काला आझार’) झाला होता. त्याला याच औषधाचा एकच डोस देऊन घरी पाठवले. माझ्या आत्याला मात्र म्युकरसाठी तेच औषध कित्येक आठवडे द्यावे लागले. त्या मुलावर अपुरा उपचार तर झाला नाही ना? आणि बुरशीचे औषध परजीवीवर चालतेच कसे? (वाचक)

उत्तर : उपचार अपुरा नाही. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा मेदासारखा पदार्थ असतो, आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असते. ॲम्फोटेरिसिन एर्गोस्टेरॉलला अधिक घट्ट चिकटते आणि आवरण निकामी करते. काळा आजाराचा परजीवी, लिश्मॅनिया, बुरशी नसूनही त्याच्या आवरणात याच जातीचे स्टेरॉल असते, म्हणून तोही या औषधाच्या माऱ्यात सापडतो.

एका डोसचे रहस्य लिपोसोममध्ये, म्हणजे औषध ज्या सूक्ष्म स्निग्ध गोळ्यांत भरलेले असते त्यांत, आहे. बाहेरून आलेले असे कण प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेतील भक्षक पेशी गिळतात, आणि लिश्मॅनियाचे बस्तान नेमके त्याच पेशींत असते. औषध शत्रूच्या घरी आपोआप पोहोचते, असे म्हणायला हरकत नाही. उत्तर बिहारात जुनी अँटिमनीची इंजेक्शने निष्प्रभ होत चालल्यावर मुझफ्फरपूर येथे झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिपोसोमलचा दर किलोला 10 मिलिग्रॅमचा एक डोस आणि साध्या ॲम्फोटेरिसिनचे 29 दिवसांत दिलेले 15 डोस यांची तुलना झाली. दोन्हींनी सुमारे 96 टक्के रुग्ण बरे झाले. म्युकरमध्ये उलट परिस्थिती असते : रक्तपुरवठा तुटलेल्या मृत ऊतीत औषध पोहोचतच नाही, म्हणून ती ऊती कापून काढावी लागते आणि उपचारही लांबतो.

त्या कुटुंबाला एवढेच सांगावे, की पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्वचेवर फिकट डाग वा गाठी दिसल्या तर मुलाला पुन्हा दाखवावे, कारण तो आजाराचा उरलेला अंश असू शकतो.

प्रश्न : अनेक वर्षे गजकर्ण जात नाही. हेच जोरदार इंजेक्शन घ्यावे का? (वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही. गजकर्णाची बुरशी त्वचेच्या वरच्या थरातच राहते. टर्बिनाफिन किंवा इट्राकोनॅझोल त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे आणि औषधाच्या दुकानात सहज मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे आधी बंद करावीत. खाज दोन दिवसांत शमवून आजार वर्षानुवर्षे जिवंत ठेवण्यात त्यांचा हात मोठा आहे.

प्रश्न : मी लहान रुग्णालयात परिचारिका आहे. साध्या आणि लिपोसोमल, दोन्ही बाटल्यांवर 50 मिलिग्रॅम लिहिलेले असते. एक संपली तर दुसरी त्याच मात्रेत चालते का?

उत्तर : कधीही नाही. या स्तंभातले सर्वांत महत्त्वाचे उत्तर कदाचित हेच असेल. म्युकरसाठी लिपोसोमल दर किलोला 5 मिलिग्रॅम, गरजेनुसार त्याहून अधिकही, देतात. साध्या प्रकाराची मात्रा दिवसाला दर किलोला 1.5 मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. 60 किलोच्या रुग्णाला लिपोसोमलच्या सहा बाटल्या योग्य असतील, पण साध्याच्या सहा बाटल्या दिल्यास हृदय बंद पडू शकते. आदेशात नुसते ‘ॲम्फो’ लिहिले असेल तर पूर्ण नाव विचारल्याशिवाय बाटली उघडू नये. दोन्ही प्रकार 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच पातळ करावेत, कारण सलाईनमध्ये औषध साकळते.

प्रश्न : केरळमध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमिबाचे रुग्ण आढळले, त्यावरही हेच औषध देतात का? (वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर : होय, मिल्टेफोसिन आणि इतर औषधांच्या जोडीने देतात. गंमत अशी, की इथे लिपोसोमलपेक्षा जुने, साधे ॲम्फोटेरिसिनच पसंत केले जाते, कारण नेग्लेरिया या अमिबावर ते प्रयोगांत अधिक प्रभावी दिसले आहे. हा आजार काही दिवसांतच जीव घेतो आणि सुरुवातीला साध्या मेनिंजायटिससारखा (मेंदूच्या आवरणाच्या दाहासारखा) दिसतो, म्हणून तळ्यात, नदीत किंवा साचलेल्या कोमट पाण्यात डुंबल्यानंतर काही दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप आणि मान ताठ होणे ही लक्षणे आली, तर रुग्णालयात पाऊल ठेवताच नाकात पाणी गेल्याचे डॉक्टरांना सांगावे.